पथ्य आणि पुरावा : मल्टिपल स्क्लेरोसिस व वनस्पत्याहार

आपल्याकडे वैद्य असो वा डॉक्टर, त्याने औषधाची चिठ्ठी हातात दिली की रोग्याबरोबर आलेला आप्त एक प्रश्न हमखास विचारतो : "आणि पथ्य काय पाळायचं?" डॉक्टरने "काही नाही, सगळं खा" असे सांगितले तर त्या आप्ताचा चेहरा पडतो. ज्याला पथ्य नाही तो रोग डॉक्टरला नीट कळलाच नसावा, अशी शंका त्याच्या मनात डोकावते. या प्रश्नाला हसण्याचे कारण नाही. औषध डॉक्टरच्या हातचे, पथ्य आपल्या हातचे; आणि संकटात आपल्या हातचे काहीतरी असावे, ही मनुष्याची फार जुनी गरज आहे. आज ज्या रोगाविषयी मला बोलावयाचे आहे, त्याच्या बाबतीत हा प्रश्न गेली पाऊणशे वर्षे युरोप-अमेरिकेत विचारला जात आहे, आणि त्याची उत्तरेही मोठ्या आत्मविश्वासाने दिली जात आहेत. ती उत्तरे कितपत टिकतात हे आपण पाहू.

रोगाचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. नाव अवघड, पण अर्थ साधा आहे : अनेक ठिकाणी पडलेले घट्टे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर इस्पितळात जाँ-मार्तँ शार्को या थोर वैद्याने १८६८ साली या रोगाचे पहिले नीट वर्णन केले. हात थरथरणाऱ्या, पाय अडखळणाऱ्या, बोलताना शब्द तुटणाऱ्या रोग्यांची मरणोत्तर तपासणी केली असता मेंदूत आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जागोजाग कठीण, करड्या रंगाचे चट्टे आढळले. आपल्या मज्जातंतूंवर, विजेच्या तारेवर रबराचे असावे तसे, मायलिन नावाच्या द्रव्याचे वेष्टण असते. त्याच्यामुळे मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत वेगाने आणि न गळता पोचतो. या रोगात शरीराचे रक्षण करण्यासाठी नेमलेल्या पेशीच या वेष्टणाला परके समजून कुरतडू लागतात. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. जेथे वेष्टण गेले तेथे निरोप अडतो, आणि पुढे घट्टा पडतो.

हा रोग बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान दिसू लागतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक होतो. एखाद्या सकाळी एका डोळ्यापुढे धुके येते. किंवा पायाला बधिरता येऊन चप्पल केव्हा निसटली हे कळत नाही. काही आठवड्यांत हे सारे ओसरते आणि घरचे लोक म्हणतात, अशक्तपणा होता, गेला. वर्षा-दोन वर्षांनी रोग पुन्हा उचल खातो. बहुसंख्य रोग्यांत आरंभी हीच तऱ्हा असते : उचल, उतार, पुन्हा उचल. कित्येकांत पुढे उतार अपुरा पडू लागतो आणि चालणे हळूहळू कमी होत जाते. रोगाची ही चढउताराची चाल ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या वादाची किल्ली तिच्यात आहे.

मायलिन हे बव्हंशी स्निग्ध पदार्थांचे बनलेले असते. तेव्हा खाण्यातल्या स्निग्ध पदार्थांशी या रोगाचे काही नाते असावे, ही कल्पना सुचणे स्वाभाविक होते. ज्याने ती कल्पना आयुष्यभर उराशी बाळगली तो गृहस्थ म्हणजे डॉ. रॉय स्वँक. हे अमेरिकेचे मज्जाविकारतज्ज्ञ १९४८ साली वाइल्डर पेनफील्ड यांच्या निमंत्रणावरून कॅनडात माँट्रिऑलच्या न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले. रोगाचा नकाशा पाहता त्यांना एक गोष्ट खटकत होती. थंड प्रदेशात हा रोग अधिक, उष्ण प्रदेशात कमी. पण थंडीचे प्रमाण सारखे असलेल्या प्रदेशांतही तो सारखा नव्हता. म्हणून त्यांनी व त्यांच्या नॉर्वेजियन सहकाऱ्यांनी नॉर्वे देशाची खेडीपाडी पाहिली. आतल्या डोंगराळ भागात गाईगुरे पाळणारे शेतकरी राहात. त्यांच्या ताटात लोणी, चीज, मलईचे दूध आणि मांस. किनाऱ्यावर कोळी राहात. त्यांच्या ताटात मासळी. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा होता की हा रोग डोंगरातल्या दूधदुभत्याच्या मुलखात अधिक आणि किनाऱ्यावर कमी आहे.

येथे मराठी श्रोत्याने किंचित थांबावे. आपण ज्याला शाकाहार म्हणतो त्यात दूध, दही, ताक, लोणी, तूप हे सारे बसते. किंबहुना दूधतूप वगळले तर आपल्या सात्त्विक आहाराची शोभाच जाते. स्वँक यांच्या कोर्टात मांसाच्या बरोबरीने पिंजऱ्यात उभे होते ते लोणी. तेव्हा आज मी वनस्पत्याहार म्हणेन तेथे आपला नेहमीचा शाकाहार समजू नये. दूध-तूपही वर्ज्य करून केवळ धान्य, कडधान्य, भाज्या, फळे यांवर राहणे, हा त्याचा अर्थ.

स्वँक यांचे स्वतःचे पथ्य मात्र इतके कडक नव्हते. लोणी-तूप, मांस, साय यांत असतात ते संपृक्त स्निग्ध पदार्थ दिवसाला १५ ग्रॅमच्या वर जाऊ द्यावयाचे नाहीत, हा मुख्य नियम. साजूक तुपाचे दोन मोठे चमचे घेतले की हा दिवसाचा शिधा संपला. पुरणपोळीवर आपण ज्या उदार हाताने तूप ओततो, ते पाहून डॉक्टरसाहेबांना भोवळ आली असती. पहिले वर्षभर तांबडे मांस मुळीच नाही. साय काढलेले दूध, पांढरी मासळी, कातडी काढलेली कोंबडी चालेल. पातळ तेल मोजून, आणि वर चमचाभर कॉडलिव्हर तेल. १९४९ च्या सुमारास त्यांनी या पथ्यावर सुमारे दीडशे रोगी ठेवले, आणि पुढे स्वतः अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात गेल्यावरही त्यांची पाठ सोडली नाही. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी १४४ रोग्यांचा ३४ वर्षांचा वृत्तान्त दिला. दिवसाला २० ग्रॅम किंवा त्याहून कमी स्निग्ध पदार्थ खाणारे रोगी इतरांहून कमी बिघडले आणि त्यांच्यातले मृत्यूही पुष्कळ कमी होते. पथ्य सुरू करताना ज्यांचा रोग अगदी थोडा होता आणि ज्यांनी ते पाळले, अशांपैकी अन्य रोगांनी गेलेले वगळता, शेकडा ९५ जिवंत आणि हिंडतेफिरते होते. २००८ साली, वयाच्या ९९ व्या वर्षी, स्वँक वारले.

चौतीस वर्षे एकाच रोग्यांच्या मागे लागणे म्हणजे काय, हे ज्याने संशोधन केले आहे त्यालाच कळेल. त्या चिकाटीपुढे मी मान तुकवतो. पण चिकाटी वेगळी आणि पुरावा वेगळा.

समजा, आषाढात आळंदीहून निघून पायी पंढरपुरास पोचलेल्या वारकऱ्यांची प्रकृती तपासली, आणि अर्ध्या वाटेवरून एस.टी.ने घरी परतलेल्यांचीही तपासली. पोचलेले अधिक धडधाकट निघतील यात शंका नाही. त्यावरून, वारीने मनुष्य धडधाकट होतो, असे सिद्ध झाले काय? जो मुळात धडधाकट होता तो पोचला, ज्याचे गुडघे दुखू लागले तो परतला, असेही असू शकते. स्वँक यांच्या रोग्यांची विभागणी याच जातीची आहे. पथ्य पाळणारे आणि न पाळणारे हे गट रोग्यांनी आपणहून पाडले. ज्याला बरे वाटत आहे तो पथ्य चालू ठेवतो. ज्याचा रोग बळावला, हात चालेनासा झाला, ज्याचे जेवण दुसरा कोणी करून घालतो, त्याचे पथ्य सुटते. मग पथ्य सुटले म्हणून रोग बळावला की रोग बळावला म्हणून पथ्य सुटले? चिठ्ठ्या टाकून आरंभीच दोन गट पाडले असते, तर याचे उत्तर मिळाले असते. तसा तुलनेचा गट स्वँक यांनी ठेवला नव्हता. आणि मेंदूतले चट्टे जिवंतपणी दाखविणारे एम.आर.आय. यंत्र त्यांनी आरंभ केला तेव्हा जन्मास यावयाचे होते.

यात रोगाच्या चढउताराची भर घाला. आपल्याकडचेच एक कल्पित उदाहरण देतो. या रोगाच्या माणसाला उष्णता सोसत नाही. अंगाचे तपमान किंचित वाढले तरी अर्धवट वेष्टणाच्या तंतूंतून निरोप जाईनासा होतो; दृष्टी अंधूक होते, पाय जड होतात. जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म ऊटहोफ याने ही गोष्ट १८९० साली नोंदली आहे. आता एखाद्या बाईने वैशाखात, अशाच उन्हाळ्याच्या दिवसांत, कंटाळून दूध-तूप सोडले. जून उजाडला, पाऊस पडला, हवा गार झाली आणि तिचे पाय हलके झाले. ती उपकार कोणाचे मानील? दूध सोडल्याचे. मृगाच्या सरींना श्रेय देण्याचे तिच्या स्वप्नातही येणार नाही. आणि ती शेजारणीला सांगेल ते पूर्ण प्रामाणिकपणे सांगेल. पथ्याच्या बहुतेक कथा अशाच खऱ्या माणसांनी खऱ्या मनाने सांगितलेल्या असतात, म्हणूनच त्या खोडून काढणे इतके कठीण.

या कथांची दुसरी बाजू मला अधिक सलते. पथ्याने रोग थांबतो असे एकदा ठरले की, ज्याचा रोग थांबला नाही त्याने पथ्य मोडले असले पाहिजे, हा तर्क आपोआप येतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला भेटावयास येणारे आप्तेष्ट मग हळूच विचारतात, "मधे लग्नात काही खाल्लंत का?" दुखण्याच्या जोडीला गुन्हेगारीची भावना! ज्या पथ्याचा पुरावा इतका अपुरा, त्याच्या जोरावर हा आरोप करण्याचा अधिकार कोणालाच पोचत नाही.

असो. चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग पुढे झाला, आणि तो स्वँक यांच्याच ऑरेगॉनमध्ये, तेथील आरोग्य व विज्ञान विद्यापीठात झाला. डॉ. जॉन मॅक्डूगल हे स्वँक यांच्या विचाराने भारलेले, पण त्यांच्याही पुढे गेलेले वैद्य. मांस, मासळी, अंडी, दूध यांच्या जोडीला त्यांनी तेलही वर्ज्य केले. भात, बटाटे, मका, घेवडे, भाज्या, फळे एवढेच ठेवले. प्रयोगाला पैसा त्यांच्याच प्रतिष्ठानाने पुरविला. एकूण ६१ रोगी घेतले. त्यांतल्या ३२ जणांना हा आहार दहा दिवस निवासी शिबिरात शिकवून वर्षभर पाळावयास सांगितला. २९ जणांचे खाणे नेहमीप्रमाणे चालू राहिले. २०१६ साली निकाल प्रसिद्ध झाला. मेंदूतल्या चट्ट्यांत दोन गटांत फरक नाही. रोगाने किती वेळा उचल खाल्ली, यात फरक नाही. अपंगत्वात फरक नाही. मात्र वनस्पत्याहार घेणाऱ्यांचे वजन उतरले, कोलेस्टेरॉल उतरले, आणि थकवा कमी झाला.

पैसा पुरविणाऱ्यास अडचणीचा असा निकाल जसाच्या तसा छापला गेला, ही विज्ञानाच्या व्यवहारातली समाधानाची गोष्ट आहे. तथापि त्यातून, वनस्पत्याहार निरुपयोगी ठरला, असा अर्थ काढणेही घाईचे होईल. एकसष्ट माणसे आणि एक वर्ष, हा पल्ला सावकाश चालणाऱ्या रोगाला फार आखूड. शिवाय 'थकवा' हा शब्द ऐकून कोणी नाक मुरडू नये. या रोगातला थकवा म्हणजे श्रमानंतरची विश्रांतीने जाणारी दमणूक नव्हे. रात्रभर झोपून उठल्यावरही अंगावर भिजलेली गोधडी टाकल्यासारखे वाटते. कित्येकांची नोकरी पायांमुळे जात नाही, या थकव्यामुळे जाते. तो थोडा कमी झाला तरी त्या घरात पुष्कळ बदलते. एवढेच की थकवा रोग्याने स्वतः सांगावयाचा असतो, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे रोग्याला ठाऊक होते. पांढरी गोळी खोटी की खरी हे लपविता येते, बटाटा लपविता येत नाही.

आता एक मौज पाहा. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात डॉ. टेरी वाल्स नावाच्या बाई आहेत. त्यांना स्वतःलाच हा रोग आहे. त्यांचा आहार स्वँक यांच्या बरोबर उलट : मांस खा, पालेभाज्या भरपूर खा, पण धान्य, कडधान्य व दूध सोडा. २०२१ साली या दोन आहारांची गाठ घालून दिलेल्या प्रयोगाचा निकाल आला. मुख्य तुलनेपर्यंत टिकलेले रोगी ७७. दोन्ही गटांत थकवा कमी झाला, दोन्ही गटांना बरे वाटले! मांस खाणारेही सुधारले आणि संपृक्त चरबी टाळणारेही सुधारले. मग दोघांत समान काय होते? साखर, मैदा, डबाबंद आणि तळलेले पदार्थ दोघांनीही कमी केले, भाज्या दोघांनीही वाढविल्या. आणि कोणीतरी आपली विचारपूस करीत आहे, हे सुखही दोघांना मिळाले. मला वाटते, गुण असलाच तर तो एखादा पदार्थ कायमचा हद्दपार करण्यात नसून ताटाची एकंदर मांडणी बदलण्यात आहे. हे माझे मत झाले, सिद्धान्त नव्हे.

सुट्या स्निग्ध द्रव्यांची परीक्षाही होऊन गेली आहे. १९७३ साली लंडन व बेलफास्ट येथील ७५ रोग्यांवर सूर्यफुलाच्या तेलाचा प्रयोग झाला. दुसऱ्या गटाला ऑलिव्हचे तेल दिले. सूर्यफूलवाल्यांत रोगाची उचल सौम्य आणि थोडक्या मुदतीची होती, पण एकंदर अपंगत्व तेवढेच वाढले. माशांच्या तेलाचा प्रयोग खुद्द नॉर्वेतच ९२ रोग्यांवर झाला. २०१२ साली त्याचा निकाल आला तो शून्य. मग किनाऱ्यावरच्या कोळ्यांना रोग कमी का? एक संभव असा की, नॉर्वेच्या अंधाऱ्या हिवाळ्यात उन्हाने मिळावयाचे ड-जीवनसत्त्व त्यांना माशांतून मिळत असावे. त्याच्या कमतरतेचा या रोगाशी संबंध आहे, असे पुष्कळ संशोधन सांगते. स्वँक लोण्याकडे पाहात होते. उत्तर कदाचित सूर्याकडे होते.

भारतात हा रोग युरोपच्या मानाने पुष्कळ कमी आहे, आणि त्याचे श्रेय शाकाहाराला देण्याचा मोह आपल्याला होतो. तो आवरावा. बहुसंख्य भारतीय मांस-मासळी खातातच, आणि चीन-जपानातही हा रोग कमी आहे. उलट मुंबईच्या पारशी समाजाची १९८० नंतरच्या दशकात पाहणी झाली तेव्हा दर लाखी वीसहून अधिक रोगी आढळले. शहर तेच, ऊन तेच. अंड्यांना दोष द्यावा तर अंडी खाणारे मुंबईत इतरही लाखो आहेत. येथे रक्ताचे नाते अधिक बोलते. पण तेही पुरते नाही : एकाच गर्भातून फुटलेल्या जुळ्यांपैकी एकाला रोग झाला, तरी दुसऱ्याला होण्याचा संभव चारात एक एवढाच. शार्कोचा शिष्य प्येर मारी याने, हा रोग कसल्या तरी संसर्गातून येत असावा, असा तर्क केला होता. त्याला बराच काळ कोणी फारशी दाद दिली नाही. २०२२ साली अमेरिकेच्या सैन्यातील सुमारे एक कोटी लोकांच्या साठविलेल्या रक्ताचा धांडोळा घेण्यात आला आणि असे दिसले की एप्स्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यावर हा रोग होण्याचा धोका बत्तीस पट होतो. हा विषाणू बहुतेक सर्वांना केव्हा ना केव्हा गाठतो, रोग मात्र फार थोड्यांना होतो. म्हणजे विषाणू, वंश, ऊन, धूम्रपान, कोवळ्या वयातला लठ्ठपणा असे अनेक धागे येथे गुंतले आहेत. जेवण हा त्यांतला एक धागा असेल, दोरखंड नव्हे.

तरीही वनस्पत्याहाराच्या बाजूने एक भक्कम गोष्ट आहे. या रोग्याला रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार जडला तर त्याचे अपंगत्व लवकर वाढते. हे जोडीचे रोग भाजीपाला, डाळी, उसळी आणि भाकरी यांनी आटोक्यात राहतात, हे निर्विवाद आहे. शिवाय मलावरोध. हा रोग्यांचा नित्याचा छळ असतो, कारण आतड्यांकडे जाणारे निरोपही अडतात. त्यात लघवीची घाई होते म्हणून रोगी पाणीच कमी पितो. कोंडा आणि चोथा असलेले अन्न भरपूर पाण्याबरोबर घेतले तर येथे खरा आराम पडतो. आतड्यातले जंतू हा चोथा आंबवून जी आम्ले तयार करतात, ती रक्षक पेशींना शांत ठेवतात, असेही अलीकडे दिसू लागले आहे. पण ते संशोधन अजून रांगते आहे.

मात्र वनस्पतिज ते सारे हितकर, असे समजू नये. खोबरेल तेल झाडावरचे, पण लोण्याहूनही अधिक संपृक्त. आणि वडापाव हा, पाहू गेल्यास, शंभर टक्के वनस्पत्याहारच आहे.

ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला, तो मुद्दा आता सांगतो. ज्या १९४८ साली स्वँक माँट्रिऑलला आले, त्याच वर्षी अमेरिकेत आणि इंग्लंडात ब-१२ जीवनसत्त्वाचे तांबडे स्फटिक प्रथम वेगळे करण्यात आले. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. ते तयार करतात सूक्ष्म जंतू. आपल्याला ते मिळते मांस, मासळी, अंडी आणि दूध-दह्यातून. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या दोन-अडीच पट. पण एवढेही न मिळाले तर काय होते? पाय बधिर होतात, अंधारात तोल जातो, विस्मरण होते. आणि मज्जारज्जूतील मायलिनचे वेष्टण झिजते. तेच मायलिन! मल्टिपल स्क्लेरोसिस आणि ब-१२ची उणीव ही दोन दुखणी एकमेकांचा मुखवटा घालून येतात, आणि दुसरे दुखणे काही रुपयांच्या गोळ्या-इंजेक्शनांनी आटोक्यात येते, मात्र वेळीच ओळखले तर. उशीर झाला तर झीज कायम राहते.

ही उणीव युरोपात मोजक्या लोकांत आढळते. आपल्याकडे तसे नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात व आसपास ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत शेकडा ६७ जणांत ब-१२ कमी होते. ही चांगली चालतीबोलती माणसे होती. आपल्या शाकाहारी घरात ब-१२ येण्याची वाट एकच : दूध, दही, ताक. ज्या माणसाचे कोठार आधीच अर्धे रिकामे, त्याने एखादे परदेशी पुस्तक वाचून ही एकुलती एक वाटही बंद केली, तर एका हाताने मायलिन वाचविण्याचा प्रयत्न करीत असता दुसऱ्या हाताने तो ते गमावण्याची तयारी करील. यकृतात साठा असल्याने हा परिणाम लगेच दिसत नाही, वर्षे जातात. आणि तोवर बधिर झालेल्या पायांचे खापर मूळ रोगावर फुटते. समुद्रशेवाळात किंवा स्पिरुलिनात ब-१२ असते असे सांगणारे भेटतात. स्पिरुलिनातले पुष्कळसे द्रव्य दिसावयास तसेच, पण शरीराला निरुपयोगी असते.

औषधाविषयी थोडेच बोलतो, कारण ते डॉक्टरांचे क्षेत्र. स्वँक यांच्या उमेदीच्या काळात या रोगाची गती बदलणारे औषधच नव्हते. बुडत्याने काडी धरावी तसे पथ्य धरले गेले, आणि त्यात गैर काही नव्हते. १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉनला मान्यता मिळाली. त्यानंतर एकाहून एक प्रभावी औषधे आली. २०१७ साली ओक्रेलिझुमॅब आले, ज्याचा आरंभापासून सावकाश वाढत जाणाऱ्या प्रकारातही काही उपयोग होतो. चिठ्ठ्या टाकून, शेकडो-हजारो रोग्यांवर पारखलेली ही औषधे आहेत. त्यांतल्या कित्येकांची किंमत मध्यमवर्गीय माणसाची झोप उडविणारी आहे, हेही खरे; आणि म्हणूनच "आहाराने होते आहे ना, मग औषध थांबवू" हा विचार आपल्याकडे अधिक लवकर येतो. औषध थांबविल्यावर रोग लगेच उसळत नाही, या जाळ्यात माणूस फसतो. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांनी तो प्रश्न डॉक्टरपुढे उघड मांडावा. १९८५ सालापासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रोग्यांसाठी काम करीत आहे, तिच्याकडेही जावे. औषधाची जागा भोपळ्याच्या भाजीला देऊ नये.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. हा रोग बायकांना अधिक होतो, आणि आपल्या घरांत स्वयंपाक बायकाच करतात. म्हणजे पथ्य रोग्याचे, आणि ते रांधावयाचेही रोग्यानेच! घरच्यांसाठी तळण काढून झाल्यावर स्वतःसाठी वेगळी बिनतेलाची भाजी करणारी बाई ते पथ्य तीन महिने पाळील, चौथ्या महिन्यात सोडील, आणि वर तिलाच बोल लागेल. आहार बदलावयाचा तर तो घराचा बदलावा. आमटीवरचा तवंग सगळ्यांच्याच वाटीत कमी व्हावा. त्यात मधुमेही सासऱ्यांचेही कल्याण आहे. आणि या दिवसांत दुपारच्या वेळी शेगडीपाशी तिच्याऐवजी दुसरे कोणीतरी उभे राहावे. ऊटहोफच्या रोग्यांना उष्णतेने जे झाले, ते तिलाही होते.

व्याख्यानानंतर चिठ्ठ्या येतील त्यांत एक चिठ्ठी ठरलेली असते, म्हणून तिचे उत्तर आताच देऊन टाकतो. "दूध सोडावे काय?" सोडावयाचे असल्यास सोडा, या रोगात दूध घातकच आहे, असा पुरावा नाही आणि आवश्यकच आहे असेही नाही. पण सोडण्यापूर्वी रक्तातील ब-१२ आणि ड-जीवनसत्त्व मोजून घ्या. ब-१२ची गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टरला विचारून सुरू करा, आणि आहार चालू आहे तोवर ते थांबवू नका. दुधातला चुना अन्यत्र शोधा : नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात तो सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असतो, तिळात याहूनही अधिक. डाळी-उसळी दोन्ही वेळच्या जेवणात असू द्या. तीन महिन्यांनी वजन पाहा; उतरावयास हवे होते त्याचे उतरले तर उत्तम, मुळात कृश असलेल्याचे उतरले तर आहार वाढवा. आणि पुढच्या खेपेस मज्जाविकारतज्ज्ञाकडे जाल तेव्हा आपण काय सोडले आहे आणि काय सुरू केले आहे, ते त्याला कागदावर लिहून द्या.